'तण' ही संज्ञा आणि नगरातील फवारणी

रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथात रस्त्याकडेच्या तणनाशक-फवारणीवर कठोर टीका आहे. तथापि निवडक फवारणी त्यांनी ग्राह्य मानली. ग्रामीण मार्गांपुरती ही सवलत समर्थनीय ठरेल. नगरात ती अपुरी पडते. फरसबंदीवरील औषध मातीत फारसे न मुरता पावसाबरोबर गटारांत उतरते. शिवाय 'तण' ही संज्ञा पिकाच्या संदर्भातच अर्थपूर्ण होते. पदपथावर पीकच नसते. फ्रान्समध्ये २०१७ पासून सार्वजनिक संस्थांना रस्ते व उद्याने यांवर अशी रासायनिक द्रव्ये, काही अपवाद वगळता, वर्ज्य आहेत. कार्सन जेथे थांबल्या, त्यापुढचे हे पाऊल आहे. नगरात प्रथम सिद्ध करावयाचा तो गवताचा उपद्रव. औषधाची निवड हा त्यानंतरचा प्रश्न होय.