प्रमाणाचे अध्यापन : एक आक्षेप

स्थान, अवकाश व प्रमाण या संकल्पना आपल्याकडे बहुधा तीन सुट्या व्याख्या म्हणून शिकविल्या जातात. त्यांत प्रमाण हे तर केवळ गणिताचे उदाहरण ठरते. ही पद्धती सदोष होय. भारताच्या किनाऱ्याची लांबी दीर्घकाळ सुमारे ७,५१६ किलोमीटर मानली जात होती. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ती ११,०९८ किलोमीटर दिली आहे. किनारा लांबलेला नाही. पूर्वीच्या लघुप्रमाण नकाशात लोपलेल्या खाड्या व वळणे १:२,५०,००० प्रमाणावर मोजणीत आली, हे या वाढीचे मुख्य कारण. तेव्हा प्रमाण बदलताच अवकाशाचे आपले ज्ञानही बदलते. यास्तव एकच खाडी दोन प्रमाणांच्या नकाशांवर विद्यार्थ्यांकडून दोऱ्याने मोजवून घ्यावी. व्याख्या त्यानंतर सांगावी.