चार बाणांचे विमान

विमानाच्या पाठात एक चित्र हमखास असते. विमानाच्या मध्यातून चार बाण निघतात: वजन खाली, उचल वर, रेटा पुढे, हवेचा विरोध मागे. चित्र खोटे नाही. पण सारे बाण एकाच बिंदूतून काढल्याने विमानाचा ठिपका होतो, आणि ठिपक्याला ना नाक ना शेपूट. आमची तक्रार हीच आहे.

बारामतीला वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, त्यामुळे इंदापूरच्या मुलांना डोक्यावरची लहान विमाने नवी नाहीत. सेसना १५२ हे असेच दोन आसनांचे विमान. भरल्यावर जास्तीत जास्त ७५७ किलो. एखाद्याने विचारले, ‘गुरुजी, लहान विमानाने ग्लायडर ओढला, तर त्याचे वजन विमानात मिळवायचे का?’ (ओढायला सेसना १५२ पेक्षा ताकदवान विमान लागते, ते असो.) चार बाण इथे गप्प बसतात.

उत्तर ट्रॅक्टरपाशी आहे. उसाने भरलेली चारचाकी ट्रॉली आपले वजन आपल्याच चाकांवर पेलते, ट्रॅक्टरला बसते ती ओढ. तरीही चढाला त्याची पुढची चाके उचलतात, कारण ओढ जमिनीपासून उंच, हुकावर लागते. ग्लायडरही आपल्याच पंखांवर तरंगतो. ५०० किलोच्या ग्लायडरची उचल विरोधाच्या २५ पट धरली, तर सरळ उड्डाणात दोराला ताण २० किलोचाच. चढताना तो वाढतो. विमानाच्या वजनाच्या तक्त्यात जाते ते फक्त हुकाचे वजन.

पण हा ताण शेपटीला बसतो. ग्लायडर विमानापेक्षा फार वर गेला, की दोर शेपूट वर खेचतो. ही ओढ १० किलोची आणि शेपूट गुरुत्वमध्यापासून ५ मीटर मागे धरली, तर गुणाकार ५०. म्हणजे ७० किलोचा वैमानिक सुमारे ७० सेंटिमीटर पुढे सरकल्यासारखे. ग्लायडर आणखी उसळला तर ताण कितीतरी पट होतो, विमानाचे नाक खाली जाते, आणि जमीन जवळ असेल तर सावरायला उंची उरत नाही. दोर तत्क्षणी सोडणे हाच उपाय. तो न साधल्याने ब्रिटनमध्ये ओढणाऱ्या विमानांचे वैमानिक दगावले आहेत.

दोर कुठे बांधावा हा प्रश्न ग्लायडरलाही आहे. पुण्यात हडपसरला ग्लायडर जमिनीवरच्या विंचने चढवीत. अशा वेळी हूक पोटाखाली, गुरुत्वमध्याजवळ असतो. विमानाने ओढायचा असेल तर तो नाकाकडे बरा.

चित्र सुधारणे अवघड नाही. उचलीचा बाण वजनाच्या किंचित मागे घ्यावा आणि शेपटीवर खाली जाणारा लहान बाण काढावा. मग दोराचा पाचवा बाण कुठे काढायचा, हे मुलांना विचारता येईल.