रेसिडेंट आणि रहिवासी

सुलतान बाजाराच्या परिसरातील आमच्या शाळेत इतिहासाचा तास चालू असता मध्यंतरी एक प्रसंग घडला. इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या एका पुस्तकातील उतारा मुले वाचीत होती. 'ब्रिटिश रहिवाशाच्या संमतीवाचून निजामास दिवाण नेमता येत नसे' अशा आशयाचे वाक्य त्यात आले. एका विद्यार्थ्याने उठून विचारले, "सर, आम्हीही येथले रहिवासीच ना? मग आमच्या पूर्वजांची संमती कोणी घेत असे का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु विचारान्ती वाटले की प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा रोख भाषांतरकारावर आहे.

'रेसिडेंट' हा इंग्रजीतील अगदी नित्याचा शब्द. राहणारा तो रेसिडेंट, एवढे कोणताही शब्दकोश सांगतो आणि आमचे भाषांतरकार तेवढ्यावर संतुष्ट होतात. मुळात मात्र हा शब्द राहण्याचा नसून बसण्याचा आहे. लॅटिन भाषेत 'सेदेरे' म्हणजे बसणे. त्यास 'मागे' या अर्थाचा 'रे' हा उपसर्ग लागून मागे बसून राहणे, इतर निघून गेले तरी जागा न सोडणे, असा अर्थ झाला. हा 'सेदेरे' आपल्या सद् धातूचा सख्खा भाऊ होय. सदन, सभासद, उपनिषद आणि ज्या संस्थांच्या आश्रयाने असले लेख प्रसिद्ध होतात त्यांच्या नावातील 'परिषद' हा शब्दही त्याच कुळातले. (आसन हा शब्द मात्र निराळ्या, आस् या धातूचा; विद्यार्थी येथे हमखास चुकतात.) मराठी 'रहिवासी' आणि संस्कृत 'निवासी' या दोन्हींत वास आहे, बसणे नाही.

युरोपातील राजदरबारांत दुसऱ्या राजाचा जो हलक्या दर्जाचा प्रतिनिधी कायम मुक्काम करी, त्यास रेसिडेंट म्हणत. वकिलांची पायरी ठरविताना १८१८ च्या एक्स-ला-शापेल येथील परिषदेने या वर्गास तिसरे स्थान दिले. म्हणजे युरोपात तो तिसऱ्या पायरीचा. हिंदुस्थानात मात्र राजाच्याही वरचा झाला. आमच्या मराठी कागदपत्रांत अशा माणसास 'वकील' म्हणण्याची रीत होती. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते, तसा पुण्यास मालेट हा इंग्रजांचा वकील. वकिलाने धन्याचे म्हणणे मांडावे आणि उत्तर घेऊन कळवावे. खर्ड्याच्या लढाईपर्यंत, म्हणजे १७९५ पर्यंत, हे नाव शोभत होते. पुढे १७९८ व १८०० च्या तहांनी निजामाच्या आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांच्या पदरी तैनाती फौज आली. तेव्हापासून मांडण्याचे काम मागे पडले व बसण्याचे पुढे आले. पुण्याच्या संगमावर एल्फिन्स्टन जे करीत होता त्यास वकिली म्हणणे हे भोळेपणाचे होईल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठ्यांनी संगमावरील त्याची रेसिडेन्सी जाळली, ती काही शेजाऱ्यावरील रागाने नव्हे!

हैदराबादेत या शब्दाचा इतिहास दगडविटांत उभा आहे. कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेला तो खांबांचा प्रासाद लोकांनी 'कोठी' म्हणून ओळखला. भोवतीच्या पेठेचे नाव रेसिडेन्सी बाजार. १८५७ च्या जुलैत तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांनी याच वास्तूवर हल्ला केला. १९३३ साली ही पेठ निजामाकडे परत आली आणि तिचा सुलतान बाजार झाला. वाड्यात १९४९ पासून मुली शिकू लागल्या. इंग्रजी पाटीवरील 'कोठी' आमची मुले 'कोटी' वाचतात आणि शून्ये मोजतात, तो भाग वेगळा.

पण बसण्याची खरी गंमत दरबारात आहे. १८६९ पर्यंत निजामाच्या दरबारी रेसिडेंटास जोडे काढून जमिनीवर बसावे लागे. त्या वर्षी अफजलुद्दौला वारला, बालवयाचा महबूब अली खान गादीवर आला, आणि साँडर्स या रेसिडेंटाने बूट व खुर्ची यांचा हक्क मिळविला. हा तपशील ठाऊक असणारा 'रहिवासी' असे लिहिणारच नाही. नाही तरी खुर्ची मागणारा रहिवासी कोणी पाहिला आहे?

तेव्हा आमचे मत असे की, या एका अर्थापुरता 'रेसिडेंट' हा शब्द मराठीने जसाच्या तसा ठेवावा. रुग्णालयात राहणाऱ्या डॉक्टरास 'निवासी' म्हणतात ते योग्य, कारण तो तेथे वसतो. 'निवासी उपजिल्हाधिकारी' हेही चालून गेले आहे. आणि गृहसंकुलांच्या दारावर 'अमुक रेसिडेन्सी' अशी पाटी लावणाऱ्यांस संगमावरील ज्वाळा आठवत नसाव्यात, म्हणून त्यांस क्षमा आहे.

मात्र रहिवासी या शब्दाविषयी येथील मराठी माणूस इतका उदासीन राहू शकत नाही. संस्थानात त्याचा पर्याय 'मुलकी' असा होता. १९१९ च्या फर्मानाच्या नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे राहावे आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे लिहून द्यावे, तेव्हा तो मुलकी ठरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. सुलतान बाजारातील, काचीगुड्यातील मराठी घरे जागीच राहिली. इतर निघून गेले तरी मागे बसून राहणारा, हा लॅटिनचा मूळ अर्थ कर्कपॅट्रिकपेक्षा त्यांसच अधिक लागू पडतो. तो प्रश्न विचारणारा मुलगा अशाच एका घरातला. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि त्यालाच पुढे बोलावून पुस्तकातील वाक्य दुरुस्त करावयास लावले.