कुलवृत्तांत आणि नोंदवही

कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार मराठीत शंभर वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. तथापि समीक्षकांनी त्याची दखल क्वचितच घेतली. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात तो धूळ खात उभा असतो, आणि त्या त्या घराण्यापलीकडे त्याला वाचक नसतो, असा आपला समज. अलीकडे मात्र या प्रकाराने ख्रिस्ती घरांतही प्रवेश केला आहे. सोलापूर व आसपासच्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी लिहिलेली अशी चार हस्तलिखिते प्रस्तावनेसाठी माझ्याकडे आली. ती वाचताना मनात आलेले विचार येथे मांडतो. लेखकांची नावे देत नाही, कारण दोष व्यक्तींचे कमी आणि अनुकरणाचे अधिक आहेत.

हा प्रकार मुख्यतः चित्पावन घराण्यांनी रुजवला. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीने १९६८ मध्ये या कुलवृत्तांतांवर एक निबंध लिहून, सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मोल दाखवून दिले. कोण कोणत्या गावी गेला, कोणत्या पिढीत शेती सुटून नोकरी आली, हे सारे त्या पानांत कसोशीने नोंदलेले असते. परंतु त्याची चौकट ठरलेली आहे. एक मूळ पुरुष, त्यापासून निघालेल्या शाखा, आणि पुत्रांची पुत्रांशी जोडलेली साखळी. कन्या लग्न होताच पानावरून उतरते. आपल्या भागात बैलावरून येणारा हेळवी वंशावळ सांगतो, तीही प्रायः याच वाटेने जाते. ज्यांच्या पूर्वजांना ना वतनाचा कागद मिळाला, ना देवळाच्या पायरीपलीकडे पाऊल टाकता आले, त्यांनी ही चौकट उसनी घेतली म्हणजे काय होते, ते या हस्तलिखितांत दिसते.

पहिल्या लेखकाने मूळ पुरुष म्हणून एका ब्राह्मणाची स्थापना केली आहे. आधार एकच, ‘घरात असे सांगतात.’ दुसऱ्याने आडनावावरून पोर्तुगीज सरदार गाठला आहे. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि गोवा १९६१ पर्यंत. त्या मुलखांत धर्मांतरिताला धर्मगुरूचे वा धर्मपित्याचे आडनाव मिळणे ही नेहमीची रीत होती. म्हणून पोर्तुगीज आडनाव हा पोर्तुगीज रक्ताचा पुरावा होत नाही. तिसऱ्या हस्तलिखितात घराणे बाप्तिस्म्याच्या दिवशी आकाशातून उतरते. त्याआधी जणू कोणी जेवत नव्हते, रडत नव्हते. तिघांची भीती एकच आहे, रिकाम्या जागेची. चौथा लेखक मात्र निवृत्त रेल्वे कामगाराचा मुलगा. त्याने पहिले पान कोरे ठेवले आणि मला विचारले, “फादर, पणजोबांच्या आधीचं काहीच सापडत नाही. तिथं काय लिहू?” समीक्षेला खरा आरंभ या प्रश्नापासून होतो.

त्याच्यासाठी मी नोंदवही काढली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या विश्वपरिषदेने धर्मगुरूंना विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींना नियमित रूप दिले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसारही प्रत्येक धर्मग्रामात या वह्या असाव्या लागतात, आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्या लागतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्ममातापिता आणि संस्कार देणारा धर्मगुरू यांचा उल्लेख असतो. पुढे विवाह झाला की त्याची नोंदही त्याच ओळीच्या समासात येते. एका ओळीत एक आयुष्य मावते. फक्त ती ओळ वाचता आली पाहिजे.

त्या तरुणाला पणजोबांची ओळ सापडली. गाव ज्याला यशवंता म्हणत असे, तो वहीत लॅटिन वळणाने ‘याकोबुस’ झाला होता. आडनावाच्या जागी गावाचे नाव. लिहिणारा परदेशी धर्मगुरू. त्याच्या कानांनी मराठी जशी ऐकली तशी ती कागदावर उतरली. पण पणजोबांच्या आईचे नाव तेथे स्पष्ट होते, आणि धर्ममाता होती गिरणीच्या चाळीतली एक तेलुगू बाई. घरातल्या कोणालाही ती ठाऊक नव्हती. कुलवृत्तांताच्या चौकटीत या दोघींना जागाच नाही. नोंदवहीत त्या पहिल्या रांगेत उभ्या आहेत. रक्ताच्या शाखेऐवजी शेजाराची, श्रमाची आणि श्रद्धेची नाती सांगणारा हा निराळाच वंशवृक्ष आहे. आपल्या लेखकांनी अनुकरण करायचेच तर याचे करावे.

आता शोधाची साधनेही पालटली आहेत. युटाहमधील वंशशोधक संस्थेने जगभरच्या नोंदींच्या चोवीस लाखांहून अधिक सूक्ष्मपट-गुंडाळ्यांचे संगणकीकरण २०२१ मध्ये पूर्ण केले. तथापि यंत्राने ओळ समोर आणली तरी तिचा अर्थ लावण्याचे काम वाचकाचेच राहते. क्युबाचे उदाहरण बोलके आहे. त्या बेटावरील चर्चमध्ये वसाहतकाळी गोऱ्यांच्या बाप्तिस्म्याची वही वेगळी आणि कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीयांची वेगळी असे. अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाच्या २००३ पासूनच्या प्रकल्पाने तेथील अनेक जुन्या वह्यांची छायाचित्रे जगाला खुली केली, आणि गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांना पूर्वजांची नावे शोधता येऊ लागली. दुसरीकडे २००७ आणि २०२२ च्या स्पॅनिश कायद्यांनी स्थलांतरितांच्या वंशजांना नागरिकत्वाची वाट दाखवली, तेव्हा स्पेनमधून आलेल्या आजोबांच्या जन्माचा वा बाप्तिस्म्याचा दाखला मिळवण्यासाठी क्युबात धांदल उडाली. भेद करण्यासाठी लिहिलेली वही एकाला आजी मिळवून देते आणि दुसऱ्याला पारपत्र. वही तीच, शोधणाऱ्याचा हेतू निराळा.

आपल्याकडेही हेतूंची सरमिसळ आहेच. २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रभर मोडी कागद उलगडले गेले आणि जिल्हा प्रशासनांनी ते संकेतस्थळांवर ठेवले. एका जुन्या शब्दावर आज नातवाचे शिक्षण अवलंबून असते. दलित ख्रिस्ती कुटुंबांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता प्रथम हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती माणसाला नाही. पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा दाखला नाकारणे योग्य ठरवले, तेव्हा पुराव्यांत बाप्तिस्म्याची नोंदही होती. जी ओळ पणजीचे नाव जपते, तीच पणतीचा दाखला अडवू शकते. चौथ्या लेखकाचा दुसरा प्रश्न हाच होता: “ही नोंद पुस्तकात छापू का?”

मला सोपे उत्तर सापडले नाही. हयात व्यक्तींच्या नोंदी त्यांच्या संमतीवाचून छापू नयेत, एवढे मी ठामपणे सांगितले. मृतांविषयी मात्र मी त्याला खरे लिहिण्याचा आग्रह केला. पणजोबा महार होते, गावकुसाबाहेर राहत होते, हे वाक्य त्याने आधी लिहून खोडले होते. ते खोडले की नोंदवहीतला याकोबुस पोरका होतो. अन्याय कायद्यात आहे, तो पूर्वजाला लपवून मिटत नाही. आणि लपवलेल्या पूर्वजावर उभे राहिलेले पुस्तक साहित्यही होत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीत टिकली, त्यामागे हेच कारण दिसते. धर्मांतराआधीचे घर आणि नंतरचे घर, दोन्ही त्यांनी सारख्याच मोकळेपणाने दाखवले. विसंगती झाकल्या नाहीत. आणि आपण दर नाताळात ऐकतो ती मत्तयाची वंशावळ? पुरुषांच्या त्या लांब यादीत तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरीयाची बायको आहे. सोयीचा इतिहास लिहिणाऱ्याने ही चार नावे प्रथम गाळली असती. शुभवर्तमानकाराने ती ठेवली.

पहिली तीन हस्तलिखिते मी सूचनांसह परत केली आहेत. चौथ्याची प्रस्तावना लिहिण्याचे मान्य केले. त्याच्या पहिल्या पानाचा वरचा भाग अजून कोरा आहे. खाली पणजोबांच्या आईचे नाव, आणि त्याखाली त्या तेलुगू बाईचे.