पांढऱ्या भिंतीवरचं शिवार

हिंगोलीत 'प्रदर्शनी' म्हटलं की रामलीला मैदान डोळ्यांपुढे येतं. दसऱ्याच्या दिवसांतले आकाशपाळणे, मौत का कुआँ, बरण्यांचे आणि बांगड्यांचे स्टॉल, नांगर-पेरणीयंत्रांचे तंबू, धुळीत मिसळलेला भज्यांचा वास आणि सगळ्याच्या शेवटी रावणदहन. दीडशेहून जास्त वर्षांची ही परंपरा. त्यामुळे मुंबईला चित्रांची प्रदर्शनी बघायला चाललोय असं सांगितलं तेव्हा आईनं सरळ विचारलं, "पाळणे बी असतेत का रे तिथं?"

पाळणे नसतात. पण जाणं आता सोपं झालंय. २०२४ सालापासून जनशताब्दी हिंगोलीपर्यंत येते. ती सीएसएमटीला सोडते आणि तिथून काळा घोडा, फोर्ट, कुलाबा हा गॅलऱ्यांचा सगळा पट्टा पायी फिरता येतो. गॅलऱ्यांचा हंगाम पाऊस सरता सरता सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सोयाबीन निघाल्यापासून वसमतची हळद उकडून वाळेपर्यंत. जानेवारीत त्याला भर येतो. २०१२पासून चालू असलेल्या 'मुंबई गॅलरी वीकेंड'ला एकाच आठवड्यात डझनावारी दालनं नवी प्रदर्शनं उघडतात. गेल्या काही वर्षांत मी हा हंगाम तुकड्यातुकड्यांनी पाहिला. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, रजा मिळेल तसा.

आमच्या भागात प्रदर्शन म्हणजे 'जहांगीर', अशीच समजूत आहे. १९५२ साली उघडलेल्या त्या दालनात चित्रकार अर्ज करतो, कित्येक वर्षं थांबतो, नंबर लागला की भाडं भरतो, टेम्पोतून चित्रं नेतो, आठवडाभर खुर्चीवर बसतो आणि आठव्या दिवशी खिळे उपसतो. नातेवाईक येतात, अभिप्रायाच्या वहीत 'खूप सुंदर' लिहितात. व्यावसायिक गॅलरीचं गणित निराळं. ती भाडं घेत नाही. चित्र विकलं तर निम्म्यापर्यंत वाटा घेते. वाटा मोठा आहे यात शंका नाही आणि त्यावर चिडणारे चित्रकार मला भेटले आहेत. पण त्या वाट्याच्या बदल्यात ती चित्रकाराला पुन्हा बोलावते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा, मग पुन्हा. पहिल्या प्रदर्शनात चाचपडणारा हात तिसऱ्या प्रदर्शनात काय करतो हे बघायची सोय प्रेक्षकाला मिळते. जहांगीरच्या आठवड्यात ही सोय नाही, दसऱ्याच्या प्रदर्शनीत तर प्रश्नच नाही.

याचं मुंबईतलं सगळ्यात जुनं धडधाकट उदाहरण म्हणजे केमोल्ड. नाव ऐकून औषधांची कंपनी वाटते आणि ते फार चुकीचं नाही. 'केमिकल मोल्डिंग'वरून आलेलं हे नाव, मूळ धंदा चित्रांच्या चौकटी करण्याचा. चौकटी करता करता केकू गांधी चित्रकारांच्या संगतीत आले आणि १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर त्यांनी गॅलरी उघडली. काली पंडोल यांची गॅलरीही त्याच वर्षीची. २००७ मध्ये केमोल्ड फोर्टातल्या क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. पन्नास वर्षं झाल्याचं निमित्त साधून सप्टेंबर २०१३ ते एप्रिल २०१४ असा अख्खा हंगाम तिनं समीक्षक गीता कपूर यांच्या हाती दिला. लागोपाठ पाच प्रदर्शनं. पहिल्याचा विषय मृत्यू, दुसऱ्याचा नागरिक असलेला कलावंत. दुकानदारानं आपलं दुकान आठ महिने एका समीक्षकाला चालवायला द्यावं, ही गोष्ट आमच्या मोंढ्यात सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

त्याच केमोल्डनं १९७५ मध्ये जिव्या सोमा मशे यांची चित्रं लावली होती. डहाणूजवळच्या गंजाडचा हा वारली माणूस. भास्कर कुलकर्णींनी त्यांचं काम हेरलं आणि लग्नात भिंतीवर काढायच्या चौकाबाहेर, नुसतं मनात येईल तेव्हा रेघ ओढणारा हात शहरापुढे आला. तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, दोन त्रिकोणांचं माणूस, जाळ्यातल्या हजारो मासोळ्या. याला कुणी 'लोककला' म्हणून बाजूच्या कपाटात ठेवतं. मला मात्र गेल्या पन्नास वर्षांतल्या महाराष्ट्राच्या रेखाटनाचा पहिला खांब तोच वाटतो. पुढे वारली कपबशांवर आणि सरकारी भिंतींवर गेली आणि रेघ काढणाऱ्याचं नाव गळून पडलं. गॅलरीच्या भिंतीवर निदान खाली नाव असतं.

रेखाटनाबद्दल जरा रेंगाळतो, कारण या हंगामांत मला खरी हालचाल तिथंच दिसली. एकेकाळी रेखाटन म्हणजे मोठ्या चित्राच्या आधीची तयारी. गॅलरीत ते मागच्या खोलीत, फायलीत असायचं, कमी पैशाच्या गिऱ्हाइकासाठी. आता ते दर्शनी भिंतीवर आलंय, कधी तर थेट भिंतीवरच काढलेलं असतं. हे घडवणाऱ्यांत प्रभाकर पाचपुते यांचं नाव आधी घ्यावं लागेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे, १९८६चा जन्म, घरातली माणसं कोळशाच्या खाणीत राबलेली. पाचपुते कोळशानं रेखाटतात. खाणीतला कोळसा आणि चित्रकाराचा कोळसा वेगळा, पण आपल्या भाषेत शब्द एकच आहे आणि त्यांची चित्रं त्या एका शब्दावर उभी आहेत. माणसाचं धड आणि डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा भलतंच काही. जनावर आणि यंत्र यांच्या मधलं काहीतरी खाचखळग्यांतून चाललेलं. २०१२ मध्ये कुलाब्यातल्या 'क्लार्क हाउस'मध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, पुढे कोलकात्याच्या 'एक्सपेरिमेंटर' गॅलरीनं त्यांना धरून ठेवलं, २०२२ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत काम लागलं. २०१८च्या मार्चमध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी आले, त्यांचे फुटलेले तळवे आपण टीव्हीवर पाहिले. त्याच वर्षीच्या कोची बिएनालेत पाचपुत्यांनी तो मोर्चा चितारला. मोर्चाची चित्रं घोषणा देऊ लागली की पोस्टर होतात. पाचपुत्यांची माणसं घोषणा देत नाहीत. ती ओझी वाहतात आणि ओझंच त्यांचा चेहरा होतं.

मला खटकतं ते एवढंच की आता त्यांच्या मागून येणाऱ्या पोरांच्या कामात डोक्याच्या जागी वस्तू बसवण्याची साथ आलीय. पाणबुडी पंप, कणीस, मोबाईल टॉवर, हातात येईल ते. पाचपुत्यांकडे ती निकड होती. इतरांकडे बहुतेक वेळा युक्ती आहे. गॅलऱ्या ही युक्ती खपते म्हणून खपवतात, आणि इथं धंदा समीक्षेच्या पुढं धावतो.

फोटोची कथा वेगळी. गॅलरीत फोटो अजून धाकट्या भावासारखा वावरतो. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघतात, मग किंमत कशाची, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. त्यावर तोडगा म्हणजे मोजक्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही घालायची. हा नियम कलेतून आलेला नाही, तो बाजारानं घातलाय. पण धंदा आणि फोटो यांचं नातं आमच्या भागाला नवं नाही. १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ हे पक्के धंदेवाईक होते. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. आजच्या हिंगोलीतला स्टुडिओवाला औंढ्याच्या देवळाबाहेर नवरानवरीचं 'प्री-वेडिंग' ड्रोननं टिपतो, तेव्हा तो त्याच वंशातला असतो.

फोटो आणि रेखाटन एका कागदावर भेटलेलं मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम गौरी गिल आणि राजेश वांगड यांचं. वांगड गंजाडचेच, मशेंच्या गावचे. गिल यांनी काळ्यापांढऱ्या फोटोत त्यांना त्यांच्याच शिवारात उभं केलं. मग फोटोत जे उमटत नाही ते वांगड यांनी शाईच्या बारीक रेघांनी भरलं. आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, तोडलेलं जंगल, आलेल्या-गेलेल्या आपत्ती. २०१३पासूनचं हे काम. चित्राखाली दोघांची नावं बरोबरीनं असतात. याच गिल यांनी २०१५पासून जव्हारच्या भागात कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या कडू बंधूंबरोबर दुसरी मालिका केली. बोहाड्याच्या उत्सवात देवांचे मुखवटे करणारे ते हात. त्यांनी या वेळी साध्या माणसांचे, पशुपक्ष्यांचे, अगदी वस्तूंचेही मुखवटे केले आणि गावातली माणसं ते लावून दुकानात बसली, दवाखान्यात गेली. मी ते पाहून मोठ्यानं हसलो होतो. आजूबाजूचे लोक गंभीर चेहऱ्यानं माहितीपत्रक वाचत होते.

अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो आठवले की मात्र गॅलरीचा पांढरा रंग टोचतो. गटारात उतरलेल्या माणसाचा फोटो दिवाणखान्यात कोण लावणार? त्या कामाची जागा पुस्तकात, रस्त्यावर, सभेत. प्रत्येक चांगला फोटो गॅलरीत यायलाच हवा असं नाही.

चित्रांकडे, म्हणजे रंगवलेल्या कॅनव्हासकडे, पैसा आपोआप वाहतो. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांचं १९५४चं 'ग्राम यात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. तोवर कुठल्याही आधुनिक भारतीय चित्राला एवढी रक्कम मिळाली नव्हती. खेड्यातल्या आयुष्याचे तेरा तुकडे, त्यांत शेतकरी, बैलगाडी, दळणारी बाई. हे चित्र एका डॉक्टरानं दिल्लीत घेतलं, नॉर्वेला नेलं आणि ते कित्येक दशकं ऑस्लोच्या एका इस्पितळात टांगलेलं होतं. खेडं एवढं फिरलं. खेड्यातला माणूस त्याच्यापुढं उभा राहिल्याची नोंद कुठं नाही.

हंगामातल्या पेंटिंगमध्ये मला जवळचं वाटलं ते अतुल दोडिया यांचं काम. दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढणारा हा घाटकोपरचा माणूस. २०२३च्या सुरुवातीला केमोल्डमध्ये त्यांनी 'आनंद'सारख्या जुन्या हिंदी सिनेमांतली थांबलेली दृश्यं रंगवून लावली. प्रदर्शनाच्या नावातच 'आनंद'मधले डॉक्टर कुलकर्णी होते, आपल्या रमेश देवांनी केलेले. तिथं मला हिंगोलीतले सिनेमाचे बोर्ड रंगवणारे पेंटर आठवले. तेही पडद्यावरचं दृश्य थांबवून रंगवायचे, फक्त राजेश खन्नाचे गाल जरा जास्त गुलाबी व्हायचे. फ्लेक्स आला आणि ते ब्रश बंद झाले. दोडियांनी त्या कलेला मान दिला असं म्हणणारे आहेत. मला वाटतं, दोडियांना ती आठवण हवी होती आणि त्यांनी ती उत्तम वापरली. मान देणं वेगळं. दुसरीकडे विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचा, दलित पँथरचा इतिहास कॅनव्हासवर दाटीवाटीनं मांडतात. त्या गर्दीत कधी कधी चित्र गुदमरतं, तरी मराठवाड्यातल्या माणसाला त्यातला प्रत्येक निळा झेंडा ओळखता येतो.

आणि ओळखणारा हा माणूस त्या खोलीत नसतो. प्रवेश फुकट असतो, हे खरं. पण दाराला बेल, आत थंडगार हवा, टेबलामागे कुणी मान वर करत नाही, भिंतीवरचा मजकूर मी गेलो त्या एकाही ठिकाणी मराठीत नव्हता. एका इमारतीच्या रखवालदारानं माझी पिशवी बघून विचारलं, "पार्सल आहे का?" चित्रं बघायला आलोय म्हटल्यावर म्हणाला, "मग जा की दादा वर, मी रोज बघतो. ते काळंवालं भारी आहे." त्या हंगामातलं सगळ्यात नेमकं परीक्षण मला त्याच्याकडून मिळालं.

गॅलरीनं गावाकडं यावं अशी अपेक्षा नाही, तो तिचा धंदा नव्हे. पण एकदा असं घडलंय. ठाण्यात कित्येक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत चित्रं काढलेले सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' या नावानं समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं. मुंबईच्या गॅलऱ्यांत दिसणारी नावं, खरी चित्रं, छापील प्रती नव्हेत. पटवर्धनांच्या स्वतःच्या चित्रांत लोकलच्या गर्दीतला, बांधकामावरचा माणूस ज्या आस्थेनं येतो, त्याच आस्थेचा हा भाग होता. त्यांच्यानंतर एवढ्या ताकदीनं कुणी ही गाडी पुढं ढकलली नाही.

आमच्याकडे रेखाटन नाही असं मात्र नाही. दरवर्षी पाचही तालुक्यांतली पोरं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. बहुतेकांचं लक्ष दहावीच्या सवलतीच्या गुणांवर. एका वर्षी सरावाला मी 'बाजार' हा स्मरणचित्राचा विषय दिला होता. एका पोरानं पेन्सिलीनं हळद उकडायची कढई काढली, कागदभर, आणि कडेला मुंग्यांएवढी माणसं. मी त्याला म्हणालो, "अरे, प्रमाण चुकलंय. परीक्षेत गुण जातील." त्यानं खोडलं. बाजाराचं रीतसर चित्र काढलं, तीन छत्र्या, दोन बैलगाड्या, एक फुगेवाला. पाचपुत्यांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कढई आठवली.

तो पोरगा आता फ्लेक्सचं दुकान चालवतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये नेत्यांचे चेहरे कापून बसवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मुंबईहून आल्यावर मी त्याला मोबाईलमधला पाचपुत्यांच्या चित्राचा फोटो दाखवला. त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, कोपऱ्यापर्यंत सरकवत नेलं, परत मधे आणलं.

"सर, हे कोळशानंच काढलंय?"

"हो."

"मग पुसत नाही का हाताला?"

"वरून फिक्सेटिव्ह मारतात. पण थोडं पुसतंच."

"केवढं आहे?"

मी दुकानाच्या शटरकडे बोट दाखवलं. एवढं, किंवा याहून मोठं. त्यानं शटरकडे पाहिलं, मग मशीनमधून निम्मं बाहेर आलेल्या बॅनरकडे, आणि विचारलं, "कागद कुठं मिळतो एवढा?"