शिकागोमधील उन्हाळी मैफली आणि ‘अमेरिकाना’ ही संज्ञा

कलाविचारातील प्रकारवाचक संज्ञा पुष्कळदा व्यवहाराच्या सोयीसाठी जन्मास येते. पुढे ती रूढ झाली, की तिच्यामागे एखादे मूलभूत तत्त्व असावे असा भास निर्माण होतो. अमेरिकन संगीतातील ‘इंडी’ व ‘अमेरिकाना’ या दोन संज्ञांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार शिकागो या एका नगरापुरता करावयाचा आहे. या नगरात ही गाणी उन्हाळ्यात सार्वजनिक हिरवळीवर हजारो नागरिक एकत्र बसून ऐकतात. त्यामुळे संज्ञा आणि श्रोता यांचा संबंध येथे जितका स्पष्ट होतो, तितका तो केवळ ध्वनिमुद्रिकांवरून होत नाही.

‘इंडी’ या शब्दाचा मूळ अर्थ मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र असणारे, एवढाच आहे. मालकीविषयीची ही वस्तुस्थिती कालांतराने एका शैलीचे नाव होऊन बसली. कंट्री, ब्लूज, गॉस्पेल व लोकगीते यांच्या मुळांवर वाढलेले संगीत, असे ‘अमेरिकाना’चे वर्णन केले जाते. तथापि ही संज्ञा रूढ झाली ती रेडिओ-व्यवसायातून. ‘गॅव्हिन’ या व्यावसायिक नियतकालिकाने १९९५ साली या नावाची क्रमवार यादी सुरू केली. १९९९ मध्ये अमेरिकाना म्यूझिक असोसिएशन स्थापन झाली. २०१० पासून ग्रॅमी पारितोषिकांत या प्रकारासाठी स्वतंत्र वर्ग आला. म्हणजे एक संज्ञा मालकीतून निघालेली व दुसरी वितरणातून आलेली. दोहोंपैकी एकीचाही उगम नादरूपाच्या विश्लेषणात नाही.

शिकागोच्या इतिहासात या दोन्ही संज्ञांची परीक्षा झालेली आहे. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल या गावच्या ‘अंकल ट्युपेलो’ या वृंदाने १९९० साली ‘नो डिप्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिचे नाव कार्टर कुटुंबाने १९३६ मध्ये गायिलेल्या एका धार्मिक गीतावरून घेतलेले होते. १९९४ मध्ये हा वृंद फुटल्यानंतर जेफ ट्वीडी यांच्या नेतृत्वाखाली ‘विल्को’ उभा राहिला आणि शिकागोत स्थिरावला. त्यांची ‘यांकी होटेल फॉक्सट्रॉट’ ही ध्वनिमुद्रिका २००१ साली ‘रिप्राइज’ कंपनीने नाकारली. वृंदाने सप्टेंबर २००१ मध्ये ती इंटरनेटवरून विनामूल्य ऐकविली. पुढे एप्रिल २००२ मध्ये ‘नॉनसच’ने ती प्रकाशित केली. नाकारणारी व स्वीकारणारी या दोन्ही कंपन्या एकाच वॉर्नर समूहातील होत्या. मालकीच्या कसोटीवर या कृतीस ‘स्वतंत्र’ म्हणणे कठीण आहे. तिचे स्वातंत्र्य अन्यत्र शोधले पाहिजे: विक्रेत्याच्या निर्णयाआधी श्रोत्याने ती ऐकली, यात.

श्रोत्याच्या या अग्रहक्काला शिकागोत जुनी परंपरा आहे. आर्थिक मंदीच्या ऐन काळात, १९३५ साली, वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या पुढाकाराने ग्रँट पार्कमध्ये विनामूल्य वाद्यवृंद-मैफली सुरू झाल्या. बेकार वादकांना काम व गांजलेल्या नागरिकांना विसावा, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. त्या मैफली अभिजात संगीताच्या होत्या हे खरे. परंतु कार्टर कुटुंबाचे गीत आणि ही हिरवळ एकाच मंदीने वर्षाच्या अंतराने पुढे आणली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गीताने दुःखमुक्ती परलोकात पाहिली. नगराने ती एका सायंकाळपुरती का होईना, इहलोकात देऊ केली.

२००४ मध्ये उघडलेल्या मिलेनियम पार्कमधील प्रिट्झकर मंडपाने ही परंपरा पुढे नेली. फ्रँक गेरी यांच्या या रचनेत सुमारे ४,००० आसने असून मागील हिरवळीवर आणखी ७,००० श्रोते बसू शकतात. हिरवळीवर कमानीसारखी पसरलेली पोलादी नळ्यांची जाळी ध्वनिक्षेपक तोलून धरते. त्यामुळे शेवटच्या रांगेतील माणसालाही गाणे जवळून ऐकू येते. याउलट, २००५ पासून ग्रँट पार्कमध्ये भरणारा ‘लोलापालूझा’ महोत्सव कुंपण व तिकीट यांनी बांधलेला आहे. तर युनियन पार्कमधील ‘पिचफोर्क’ महोत्सव २००६ ते २०२४ इतकाच काळ टिकला. महोत्सवाचा श्रोता आधीच निवडलेला असतो. हिरवळीवर मात्र वाटसरूही श्रोता होतो.

नागर श्रोत्याची ग्रामीण स्वरांची ओढ हा केवळ स्मरणरंजनाचा प्रकार आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. परंतु १९५७ साली स्थापन झालेल्या ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्यूझिक’ या संस्थेत ही परंपरा वारशाने मिळत नाही, ती शिकून घ्यावी लागते. टपाल वाटणारे जॉन प्राइन तेथेच शिकले व पुढे श्रेष्ठ गीतकार झाले. शिकून मिळविलेली परंपरा कृत्रिम ठरविली, तर नगरात कोणतीच परंपरा उरणार नाही.

खरा आक्षेप निराळा आहे. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण-व्यवसायाने दक्षिणेतील संगीत वर्णभेदानुसार दोन याद्यांत विभागले. कृष्णवर्णीयांचे एकीकडे, श्वेतवर्णीयांचे दुसरीकडे. हॅरी स्मिथ यांनी १९५२ च्या आपल्या ८४ मुद्रणांच्या संग्रहात गायकांचा वर्ण मुद्दाम सांगितला नाही. तरीही विभागणी टिकली. ग्रामीण मुळे आणि नागर रूप हेच ‘अमेरिकाना’चे लक्षण मानले, तर १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोत येऊन खेड्यातील ब्लूजला विजेच्या गिटारवर नवे रूप देणारे मडी वॉटर्स यांचा अधिकार पहिला ठरतो. व्यवहारात मात्र ब्लूजला १९८४ पासून स्वतःचा महोत्सव आहे आणि ‘अमेरिकाना’च्या सायंकाळी वेगळ्या. हिरवळ एकच, याद्या अजून दोन.

या पार्श्वभूमीवर मेव्हिस स्टेपल्स यांचे उदाहरण निर्णायक आहे. त्यांचे वडील मिसिसिपीहून शिकागोत आले. कुटुंबाने गॉस्पेल गायिले व नागरी हक्कांच्या चळवळीला स्वर दिला. ट्वीडी यांनी निर्मिलेल्या त्यांच्या ‘यू आर नॉट अलोन’ (२०१०) या ध्वनिमुद्रिकेला २०११ मध्ये ‘अमेरिकाना’ वर्गातच ग्रॅमी मिळाले. येथे संज्ञेने गायिकेचा गौरव केला असे म्हणण्यापेक्षा, गायिकेने संज्ञेला तिची व्याख्या पाळावयास लावली असे म्हणणे अधिक योग्य होईल.

तात्पर्य, ‘अमेरिकाना’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. तिच्या मर्यादा व्यवसायाने आखल्या आहेत, एवढे भान मात्र समीक्षकाने सोडता कामा नये. ज्या रसिकाने एकाच उन्हाळ्यात दोन्ही सायंकाळी त्या हिरवळीवर घालविल्या असतील, त्याचा कान या बाबतीत यादीपेक्षा अधिक विश्वसनीय मानावा लागेल.