एकट्याचा संताप

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' हे १९६९ सालचे पुस्तक. त्याचा परिचय यवतमाळच्या वाचकांस करून द्यावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. वर्धा व पैनगंगा यांच्यामधील आमच्या जिल्ह्यात दर्या केवळ नकाशात दिसतो. परंतु हे पुस्तक दर्यापेक्षा मनुष्यस्वभावाचे अधिक आहे. आणि त्यातील नौका तर मुंबईची! 'सुहैली' ही ३२ फुटी सागवानी नौका कुलाब्याच्या कारखान्यात आपल्याकडील सुतारांनी वाकस व दोरीने फिरविण्याचा सामता यांनी घडविली. शर्यत अशी की, कोणत्याही बंदरास न लागता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची. नऊ जण निरनिराळ्या दिवशी निघाले. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फॅल्मथ सोडलेले हे गृहस्थ ३१२ दिवसांनी परतले. शर्यत पुरी करणारे ते एकटेच.

दक्षिण महासागरात वादळाने नौका आडवी पडते, बॅटरीतील आम्ल डोळ्यात उडते, रेडिओ मुका होतो, आपोआप चालणारे सुकाणू मोडते. थंडी आहे, आणि वाळण्याची आशा नसलेला ओलावा आहे. लेखक हे सारे खलाशाच्या कोरड्या भाषेत सांगतात; ते वाचनीय आहेच. पण असे हाल कोणताही दर्यावर्दी सांगेल. खरा लेखक दिसतो तो न्यूझीलंडच्या ओटॅगो बंदरापाशी. पाच महिन्यांच्या एकांतानंतर, नोव्हेंबरमध्ये, ओळखीचा एक बातमीदार भेटतो. घरची पत्रे आणलीत काय, असे विचारावे, तो उत्तर येते की नियम कडक झाले आहेत, पत्रही घेता येणार नाही. महिनोन्‌महिने थंडी मुकाट्याने सोसलेला हा मनुष्य त्या क्षुल्लक नियमावर चिडतो. घरात कोणी तापट झाला तर त्याचा राग झेलावयास चार माणसे असतात. येथे एकच माणूस सापडला, आणि तोही केवळ निरोप्या! समुद्र न पाहिलेल्या वाचकासही ही चीड तत्काळ ओळखता येते.

आमचा मतभेद येथूनच सुरू होतो. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने त्यांस तपासले. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच: हा मनुष्य खेद वाटावा इतका सामान्य आहे. लेखक हा शेरा मोठ्या खुशीत सांगतात. आम्हांस मात्र त्या विनोदाने दार लावून घेतल्यासारखे वाटते. ओटॅगोस चिडलेला मनुष्य या शेऱ्यात कोठे बसतो? पहिला मान इंग्रजासच मिळावा हा त्यांचा हट्टही असाच विनोदाआड राहतो. त्याच शर्यतीतील मोइतेसिए अर्ध्यावर बक्षिसाकडे पाठ फिरवून ताहितीस गेले. त्यांच्या 'द लाँग वे'मध्ये दर्या जवळजवळ ध्यानाचा विषय होतो. डोनाल्ड क्राउहर्स्ट यांनी खोटी स्थाने कळविली व ते परतलेच नाहीत. त्यांच्या मागे राहिलेल्या वह्यांत मन मोडत जाताना दिसते. विजेत्याने आपले ५,००० पौंड क्राउहर्स्टच्या कुटुंबास दिले. या औदार्याइतकीच मोकळीक पुस्तकात असती तर!

ही मोकळीक आपल्या वाङ्मयास परकी नाही. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये सत्तावनच्या धामधुमीतील भूक व भय न लपविता आले आहे. पुढे दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेली 'म्हादेई' एकट्याने जगाभोवती नेली. त्यांच्या तयारीस याच नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन होते. तेव्हा हे पुस्तक कोणी मराठीत आणू म्हणेल, तर वादळांची प्रकरणे हवी तर थोडी आखडती घ्यावीत. ओटॅगोचा प्रसंग मात्र जसाच्या तसा, रागासकट, उतरवावा.